कल्याण परिषदेकडे, शिक्षण कोणाकडे? : महाराष्ट्रातील विद्यार्थी परिषदेच्या उमेदवारीची एक चिकित्सा

प्रास्ताविक

महाविद्यालयीन निवडणुकांची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरत राहते. निवडणुका घ्याव्यात की घेऊ नयेत, हा पहिला प्रश्न. आणि राजकीय पक्षांनी त्यांत पडावे की पडू नये, हा दुसरा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, यात शंका नाही. परंतु त्यांच्या गदारोळात तिसरा आणि अधिक मूलभूत प्रश्न मागे पडतो. निवडणुकीस उभा राहणारा विद्यार्थी नेमके काय करण्यासाठी मत मागतो? निवडून आल्यावर त्याच्या हाती कोणता विषय येतो? त्याने विद्यार्थ्यांच्या कल्याणाविषयी बोलावयाचे की त्यांच्या शिक्षणाविषयीही?

प्रस्तुत लेखात या तिसऱ्या प्रश्नाची चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी महाराष्ट्र विद्यापीठे अधिनियम, १९९४ मधील विद्यार्थी परिषदेचे कलम, लिंगडोह समितीच्या २००६ मधील शिफारशी आणि महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ हे तीन दस्तऐवज मुख्यतः विचारात घेतले असून तुलनेसाठी इंग्लंडमधील १९९४ च्याच शिक्षण अधिनियमाचा आधार घेतला आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, आपल्या कायद्याने विद्यार्थ्याच्या जीवनाची दोन भागांत वाटणी केली. त्यांपैकी कल्याणाचा भाग विद्यार्थी परिषदेला दिला आणि शिक्षणाचा भाग तिच्या प्रयोजनाबाहेर ठेवला. ही वाटणी वास्तवात टिकत नाही. त्यामुळे मतदान खुले झाले तरी उमेदवारी पोकळच राहते.

१. कलमातील शब्द

१९९४ च्या अधिनियमातील कलम ४० हे विद्यार्थी परिषदेविषयीचे कलम होय. विद्यापीठ पातळीवर एक परिषद व प्रत्येक महाविद्यालयात एक परिषद असावी, असे सांगून हे कलम परिषदेचे प्रयोजन नोंदविते. विद्यार्थ्यांच्या कल्याणाकडे लक्ष देणे, हे पहिले प्रयोजन. विविध विद्यार्थी मंडळांच्या पाठ्येतर उपक्रमांना उत्तेजन देऊन त्यांत समन्वय साधणे, जेणेकरून सामूहिक जीवन अधिक चांगले होईल, हे दुसरे प्रयोजन. यापाठोपाठ एक निषेधवाक्य येते : परिषदांनी राजकीय कार्यात भाग घेऊ नये.

या तीन वाक्यखंडांचे बारकाईने वाचन केले असता एक गोष्ट चटकन ध्यानात येते. परिषद जिथे काम करणार ती संस्था शिक्षणाची आहे; परिषदेचे सभासद विद्यार्थी आहेत; तथापि परिषदेच्या प्रयोजनात अध्यापन, अभ्यासक्रम, परीक्षा, मूल्यमापन यांपैकी एकही शब्द नाही. ‘पाठ्येतर’ हा शब्द तर स्पष्टपणे कुंपण घालतो. जे पाठ्य आहे ते विद्यापीठाचे आणि प्राध्यापकांचे. जे पाठ्याच्या पलीकडे आहे ते विद्यार्थ्यांचे, अशी ही सरळ विभागणी आहे.

‘कल्याण’ हा शब्दही तपासून पाहण्याजोगा आहे. मराठीत तो आशीर्वादाच्या भाषेतून आलेला शब्द आहे. थोरांनी धाकट्यांचे, राजाने प्रजेचे, शासनाने दुर्बलांचे कल्याण करावयाचे असते. कल्याण करणारा आणि कल्याण होणारा यांच्यात एक पायरीचे अंतर त्या शब्दातच गृहीत धरलेले आहे. हक्क मागता येतो. कल्याण मागता येत नाही, ते लाभते. विद्यापीठांतील ‘विद्यार्थी कल्याण मंडळा’चे २०१६ च्या अधिनियमानंतर ‘विद्यार्थी विकास मंडळ’ असे नामांतर झाले. या शब्दबदलामागे काही अस्वस्थता असावी, असे मानण्यास जागा आहे. परंतु विकास हाही बहुधा कोणीतरी कोणाचा तरी करावयाचा असतो. विद्यार्थी हा त्या क्रियेचा कर्ता होण्याऐवजी कर्मच राहिला.

कल्याणाचे काम गौण आहे, असे येथे म्हणावयाचे नाही. ‘कमवा व शिका’ या योजनेमागे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कार्याची थोर परंपरा आहे. कर्मवीरांच्या दृष्टीने विद्यार्थ्याचे श्रम, त्याचे जेवण, त्याचे वसतिगृह आणि त्याचे शिक्षण ही एकच गोष्ट होती. भाकरी वेगळी व पाटी वेगळी, असा हिशेब त्यांनी मांडला नाही. आपल्या कायद्याने मात्र नेमका तोच हिशेब मांडला.

२. गुणवत्ता आणि प्रतिनिधित्व

१९९४ च्या अधिनियमाने निवडणुकीचे स्वरूपही बदलले. त्यामागील पार्श्वभूमी विसरता येत नाही. १९८९ मध्ये मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थी नेत्याची हत्या झाली होती. निवडणुकीतील पैसा, दांडगाई आणि बाहेरच्या मंडळींचा वावर यांमुळे पालक व प्राध्यापक दोघेही त्रस्त झाले होते. खुल्या निवडणुका बंद करण्याच्या निर्णयाला समाजात मोठा विरोध झाला नाही, याचे कारण या अनुभवात आहे.

परंतु निवडणुकीच्या जागी जे आले ते प्रतिनिधित्व होते काय, हा प्रश्न उरतोच. नव्या रचनेत प्राचार्य हे परिषदेचे अध्यक्ष झाले. प्रत्येक वर्गातून आधीच्या परीक्षेत गुणवत्ता दाखविलेल्या एका विद्यार्थ्याचे नामनिर्देशन प्राचार्यांनी करावयाचे, क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना व सांस्कृतिक कार्य यांतून प्रत्येकी एक विद्यार्थी घ्यावयाचा, दोन विद्यार्थिनी नेमावयाच्या, आणि या विद्यार्थी सभासदांनी आपल्यातून सचिव निवडावयाचा, असा क्रम ठरला. बोलीत ‘सी.आर.’ आणि ‘जी.एस.’ ही नावे तशीच राहिली. पण त्या नावांमागचा मतदार नाहीसा झाला.

गुणवत्ता हा परीक्षेतील कामगिरीचा निकष आहे. प्रतिनिधित्व हा विश्वासाचा निकष आहे. या दोहोंत वैर नाही. मात्र एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. वर्गात पहिला आलेला विद्यार्थी वर्गाच्या अडचणी जाणतोच असे नाही. किंबहुना ज्या अडचणींमुळे इतर मागे पडले, त्या त्याच्या वाट्याला आल्या नसण्याचीच शक्यता अधिक. शिवाय परीक्षेच्या निकालाने मिळालेल्या पदासाठी त्याला कोणासमोर काही मांडावे लागत नाही. त्याच्याजवळ जाहीरनामा नसतो, कारण त्याची उमेदवारीच नसते. वर्षअखेरीस त्याला हिशेब कोणी विचारीत नाही, कारण त्याने शब्द कोणाला दिलेला नसतो.

या संदर्भात प्रस्तुत लेखकाने अध्यापनाच्या काळात जवळून पाहिलेला एक प्रसंग नोंदविणे उचित ठरेल. तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. तिचे गाव बरेच आत होते आणि गावाकडे जाणारी सोयीची एस.टी. दुपारी चार वाजता सुटत असे. रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक मात्र पावणेपाचपर्यंत चाले. आठवड्यातून दोन दिवस तिला आणि त्या बाजूच्या आणखी सहा-सात मुलींना प्रात्यक्षिक अर्धवट टाकून निघावे लागे. तिने वहीच्या कागदावर तीन मागण्या लिहिल्या. प्रात्यक्षिकाची तुकडी सकाळी घ्यावी. परीक्षेच्या दिवसांत ग्रंथालय सकाळी लवकर उघडावे. शिष्यवृत्तीचे कोणाचे अर्ज कोणत्या टप्प्यावर अडले आहेत, त्याची यादी फलकावर लावावी. त्या कागदावर वर्गातील बहुतेकांच्या सह्या होत्या. जाहीरनामा हा शब्द तिने वापरला नव्हता. परंतु तो जाहीरनामाच होता.

परिषदेवर ती जाऊ शकली नाही. तिचा एक विषय राहिलेला होता. जो विद्यार्थी गुणांच्या आधारे परिषदेवर गेला, त्याला त्या पदात रस नव्हता. दुपारी तो शिकवणीला जात असे आणि सभांना तो बहुधा येत नसे. तरीही तो कागद परिषदेपुढे आला. एस.टी.ची वेळ बदलावी म्हणून आगार व्यवस्थापकांना परिषदेच्या नावे अर्ज गेला, कारण तो कल्याणाचा विषय होता. प्रात्यक्षिकाच्या वेळेसंबंधीची मागणी मात्र हा परिषदेचा विषय नाही, या शेऱ्यासह बाजूला ठेवण्यात आली. एस.टी.ची वेळ बदलणे महाविद्यालयाच्या हाती नव्हते आणि ती बदललीही नाही. प्रात्यक्षिकाची वेळ बदलणे महाविद्यालयाच्या हाती होते. ती बदलण्याचा विचारही झाला नाही. त्या बैठकीत प्रस्तुत लेखक उपस्थित होता आणि त्यानेही तो शेरा नियमाला धरून आहे, असेच त्या वेळी मानले होते.

३. लिंगडोह समितीची चौकट

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचा अहवाल मे २००६ मध्ये सादर झाला आणि २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने त्यातील शिफारशी लागू करण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राच्या दृष्टीने या अहवालातील एक शिफारस विशेष लक्षणीय होती. नामनिर्देशनाची पद्धत ही केवळ तात्पुरती सोय असावी, तिच्यातून टप्प्याटप्प्याने निवडणुकीकडे जावे, आणि नामनिर्देशन करावयाचेच झाल्यास ते निव्वळ परीक्षेतील गुणवत्तेवर आधारू नये, असे समितीने सुचविले होते. आपल्याकडील रचना नेमकी त्या प्रकारची होती आणि तरीही ती पुढे सुमारे दहा वर्षे कायद्यात तशीच राहिली.

उमेदवारीविषयीचे समितीचे नियम सर्वपरिचित आहेत. उमेदवारामागे खर्चाची कमाल मर्यादा ५,००० रुपये; छापील भित्तिपत्रकांना बंदी, हाताने तयार केलेली पत्रके तेवढी ठरावीक जागी; प्रचारात वाहने व ध्वनिक्षेपक नकोत; राजकीय पक्षांचा पैसा नको; अर्ज भरण्यापासून निकालापर्यंतची प्रक्रिया दहा दिवसांत पूर्ण व्हावी. पैशाच्या बळाला लगाम घालण्याच्या दृष्टीने हे नियम निःसंशय स्वागतार्ह आहेत. वहीच्या कागदावर मागण्या लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला ज्या निवडणुकीत बरोबरीने उभे राहता येईल, अशी निवडणूक या नियमांनी कल्पिली, हे श्रेय समितीला दिलेच पाहिजे.

तथापि याच चौकटीत पात्रतेचे जे नियम आहेत, त्यांची दिशा उलट आहे. निवडणुकीच्या वर्षी उमेदवाराचा कोणताही विषय राहिलेला नसावा. त्याची उपस्थिती विद्यापीठाने ठरविलेली किमान उपस्थिती किंवा ७५ टक्के, यांपैकी जी अधिक असेल तेवढी असावी. पदवीच्या विद्यार्थ्यासाठी वयाची मर्यादा १७ ते २२ वर्षे असावी. वर्षानुवर्षे महाविद्यालयात ठाण मांडून बसणाऱ्या व्यावसायिक पुढाऱ्यांना दूर ठेवणे, हा या नियमांचा हेतू आहे आणि तो समजण्यासारखा आहे. परंतु ग्रामीण महाराष्ट्रात या चाळणीतून गळतो कोण? ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर जावे लागलेला मुलगा उपस्थितीत गळतो. रात्रपाळी करून शिकणारा गळतो. लग्नानंतर किंवा खंडानंतर पुन्हा प्रवेश घेतलेली मुलगी वयात गळते. ए.टी.के.टी. मिळालेला, म्हणजे शिक्षणव्यवस्थेतील अडचणींशी ज्याची गाठ पडलेली आहे असा विद्यार्थी तर पहिल्याच पायरीवर गळतो.

ज्याचा शिक्षणाचा प्रश्न सर्वाधिक तीव्र आहे, त्यालाच शिक्षणाविषयी प्रतिनिधी म्हणून बोलण्यास अपात्र ठरविणारा हा नियम आहे. आजारी माणसाने रुग्णांच्या वतीने बोलू नये, असे म्हणण्यासारखेच हे आहे. त्याला मत देता येते. पण ज्याला मत द्यावयाचे तो नेहमी व्यवस्थेत सुखरूप पार पडलेल्यांपैकीच असतो.

४. २०१६ चा अधिनियम : मतदार परतला, विषय नाही

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. त्यातील कलम ९९ ने विद्यार्थी परिषदेसाठी पुन्हा निवडणुकीची तरतूद केली. महाविद्यालयाच्या परिषदेत अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गांतील एक प्रतिनिधी हे सर्व विद्यार्थ्यांच्या मतांनी, तर वर्ग प्रतिनिधी त्या त्या वर्गाच्या मतांनी निवडले जावेत, अशी ही तरतूद आहे. विद्यापीठ विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव यांना अधिसभेत स्थान आहे. महिला व मागास प्रवर्ग यांचे प्रतिनिधित्व नामनिर्देशनाऐवजी मतदानातून यावे, ही सुधारणा मोलाची आहे.

मात्र कलमाचा आरंभ पाहावा. परिषदेचे प्रयोजन येथे पुन्हा जवळजवळ जुन्याच शब्दांत आले आहे : विद्यार्थ्यांचे कल्याण, पाठ्येतर उपक्रमांचा समन्वय, चांगले सामूहिक जीवन आणि राजकीय कार्यास मनाई. बावीस वर्षांच्या काळात विद्यापीठांचे स्वरूप पालटले, विनाअनुदानित महाविद्यालये वाढली, सत्र पद्धती आली, श्रेयांक आले. परंतु विद्यार्थी परिषदेचे काम काय, या प्रश्नाचे उत्तर बदलले नाही. मतदार परत आला. विषय परत आला नाही.

पदांची नावेही याच गोष्टीची साक्ष देतात. अध्यक्ष व सचिव ही अधिकारपदे आहेत. महिला प्रतिनिधी व मागास प्रवर्गाचा प्रतिनिधी ही समाजघटकांची पदे आहेत. कामाच्या नावाने मात्र एकही पद नाही. शिक्षणाचा प्रतिनिधी नाही, वसतिगृहाचा नाही, परीक्षेचा नाही. त्यामुळे उमेदवाराने लोकांपुढे काय म्हणून उभे राहावयाचे? तो स्वतःचे नाव सांगतो, आपल्या गटाचे नाव सांगतो, क्वचित जातीचे सूचन करतो. काम सांगता येत नाही तेथे ओळख सांगितली जाते. महाविद्यालयीन निवडणुकीत जात आणि पक्ष शिरतात याबद्दल आपण विद्यार्थ्यांना दोष देतो; परंतु त्यांना शिरण्यासाठी रिकामी जागा कायद्यानेच करून ठेवलेली असते.

शिवाय तरतूद झाली म्हणून प्रथा रुजली, असे म्हणता येत नाही. २०१९ मध्ये निवडणुकांचे वेळापत्रक जाहीर झाले आणि विधानसभा निवडणुकीच्या कारणास्तव ते पुढे ढकलले गेले. २०२० मध्ये कोविडची साथ आली आणि महाविद्यालयेच बंद झाली. इकडे शिक्षणाचे प्रश्न मात्र थांबून राहिले नाहीत. साथीच्या काळात परीक्षा घ्याव्यात की नाहीत, कशा घ्याव्यात, याचा निर्णय लक्षावधी विद्यार्थ्यांच्या आयुष्याशी निगडित होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांच्या पदवी वर्गांना मुख्य विषय, गौण विषय आणि श्रेयांकांची नवी रचना लागू झाली. लहान महाविद्यालयात प्रत्यक्षात किती विषयांची निवड उपलब्ध आहे, हे सांगू शकणारा सर्वांत विश्वसनीय साक्षीदार म्हणजे त्या वर्गातील विद्यार्थी. परंतु परिषदेच्या प्रयोजनात त्या साक्षीला जागा नाही.

तक्रार निवारणाच्या क्षेत्रातही हीच वृत्ती आढळते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांत समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी घेतला आहे. पण तो निवडून आलेला नव्हे, तर गुणवत्तेच्या आधारे नेमलेला, आणि तोही विशेष निमंत्रित म्हणून.

५. इंग्लंडमधील १९९४ : एक तुलना

योगायोग असा की, ज्या वर्षी महाराष्ट्राने आपल्या विद्यार्थी परिषदेचे कलम लिहिले, त्याच वर्षी इंग्लंडमध्येही विद्यार्थी संघांविषयीचा कायदा झाला. तेथील शिक्षण अधिनियम, १९९४ हा विद्यार्थी राजकारणाच्या प्रेमातून झालेला नव्हता. तत्कालीन सरकारचा मूळ विचार सार्वजनिक निधी काही मूलभूत सेवांपुरताच मर्यादित ठेवण्याचा होता; त्यास विरोध झाल्यावर तो मागे पडला. म्हणजे विद्यार्थी चळवळीविषयी संशय दोन्हीकडे होता. परंतु त्या संशयातून जी वाक्ये जन्मली, ती वेगळी आहेत.

विद्यार्थी संघाची व्याख्या करताना तो कायदा सभासदांचे विद्यार्थी म्हणून असलेले सर्वसाधारण हित जोपासणे, हे संघाचे एक मुख्य प्रयोजन मानतो. ‘विद्यार्थी म्हणून’ हे दोन शब्द निर्णायक आहेत. विद्यार्थी म्हणून असलेल्या हितात शिक्षण आपोआप येते. ते वगळावयाचे म्हटले तरी वगळता येत नाही. याच कायद्याने प्रमुख पदांसाठी सर्व सभासदांना मताधिकार असलेले गुप्त मतदान आवश्यक केले, निवडणूक न्याय्य रीतीने होते की नाही हे पाहण्याची जबाबदारी संस्थेच्या नियामक मंडळावर टाकली, संघाचे सभासद न होण्याचा हक्क विद्यार्थ्याला दिला, आणि पूर्णवेळ वेतन घेणारे पद एका व्यक्तीला एकूण दोन वर्षांहून अधिक भूषविता येणार नाही, असे बंधन घातले. व्यावसायिक पुढाऱ्यांना रोखण्याचा लिंगडोह समितीचा जो हेतू, तोच येथेही आहे. पण तो अपात्रतेऐवजी कालमर्यादेने साधला आहे.

याचा परिणाम पदांच्या नावांत दिसतो. तेथील विद्यार्थी संघांत शिक्षण आणि कल्याण यांसाठी स्वतंत्र किंवा एकत्रित पदे असतात. त्या पदासाठी उभा राहणारा उमेदवार उत्तरपत्रिका तपासून अभिप्रायासह केव्हा परत मिळाव्यात, ग्रंथालय किती वेळ उघडे असावे, समुपदेशनासाठी किती काळ थांबावे लागते, भाड्याच्या खोल्यांची स्थिती काय आहे, हे सर्व एकाच जाहीरनाम्यात मांडू शकतो. निवडून आल्यावर तो वर्षभर अभ्यासातून रजा घेऊन अथवा पदवीनंतर वेतनावर ते काम करतो. अभ्यासक्रमागणिक निवडलेले प्रतिनिधी प्राध्यापकांबरोबरच्या समित्यांत बसतात.

अर्थात तेथील सारे आदर्श आहे, असे मानण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये २०१२ पासून शुल्काची कमाल मर्यादा वर्षाला ९,००० पौंड झाली आणि विद्यार्थ्याकडे ग्राहक म्हणून पाहण्याची वृत्ती बळावली. ग्राहकाचे समाधान आणि विद्यार्थ्याचे हित या दोन गोष्टी एक नव्हेत. शिक्षणाचा प्रतिनिधी जर केवळ सेवेविषयीच्या तक्रारी नोंदविणारा मध्यस्थ झाला, तर तोही एक प्रकारे पोकळच. तात्पर्य, तेथील संस्था जशीच्या तशी उचलावी, असे सुचवावयाचे नाही. दोन कायदे जवळजवळ एकाच चिंतेतून निघाले असता एकाने शिक्षणाला आत घेतले आणि दुसऱ्याने बाहेर ठेवले, एवढाच मुद्दा या तुलनेतून घ्यावयाचा आहे.

६. काही आक्षेप

या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, अभ्यासक्रम व परीक्षा हे तज्ज्ञांचे विषय आहेत. विद्यार्थ्यांनी त्यांत मत देणे म्हणजे रोग्याने औषध लिहून देण्यासारखे आहे. हा आक्षेप अर्धा खरा आहे. रसायनशास्त्रात काय शिकवावे, हे मतदानाने ठरू नये. परंतु प्रात्यक्षिक केव्हा घ्यावे, नेमलेले पुस्तक ग्रंथालयात आहे की नाही, तासिका प्रत्यक्षात होतात की नाही, निकाल वेळेवर लागतो की नाही, हे तज्ज्ञतेचे विषय नसून अनुभवाचे विषय आहेत. औषध वैद्याने द्यावे; ते लागू पडले की नाही, हे रोग्यालाच विचारावे लागते.

दुसरा आक्षेप असा की, अधिसभेत विद्यार्थी प्रतिनिधींना स्थान आहे, तेथे त्यांनी शिक्षणाविषयी बोलावे. हेही खरे आहे. पण अधिसभा विद्यापीठाच्या ठिकाणी भरते. प्रात्यक्षिकाची वेळ तालुक्याच्या महाविद्यालयात ठरते. शेकडो संलग्न महाविद्यालयांच्या वतीने दोन विद्यार्थी तेथे बोलणार. आपापल्या महाविद्यालयाच्या परिषदेत ज्या विषयावर बोलण्याचा सराव झाला नाही, त्या विषयावर ते तेथे अधिकाराने बोलतील, ही अपेक्षा अवास्तव आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शिक्षणाचा विषय दिला की राजकारण येते, आणि राजकारण आले की १९८९ परत येते. या भीतीला अनुभवाचा आधार आहे. परंतु हिंसा कशावरून झाली, हे पाहावे लागेल. प्रात्यक्षिकाच्या वेळेवरून कोणी कोणाचा जीव घेत नाही. जेथे पद म्हणजे केवळ प्रतिष्ठा, गॅदरिंगचा निधी आणि पुढील राजकारणाची शिडी असते, तेथे ते पद बळाने मिळविण्याचा मोह होतो. पदाला खरे काम जोडले आणि त्या कामाचा जाहीर हिशेब मागितला, तर त्या पदाचे आकर्षण गुंडाला कमी व काम करणाऱ्याला अधिक वाटेल. दिल्लीतील जवाहरलाल नेहरू विद्यापीठात उमेदवारांच्या जाहीर वादसभेची परंपरा आहे. तेथे उमेदवाराला साऱ्या विद्यार्थ्यांसमोर प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. तेथील निवडणुकांनाही पात्रतेच्या नियमांवरून २००८ मध्ये स्थगिती मिळाली आणि २०१२ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या. त्या विद्यापीठाच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात. पण उमेदवाराने प्रश्न ऐकावेत व उत्तर द्यावे, या प्रथेविषयी मतभेद असण्याचे कारण नाही.

मराठी वाचकाला येथे भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीची आठवण होणे स्वाभाविक आहे. पुण्यात शिकावयास आलेला पांडुरंग सांगवीकर वसतिगृह, मेस, गॅदरिंग अशा साऱ्या उद्योगांत उत्साहाने शिरतो आणि विटून बाहेर पडतो. त्याच्या वैफल्याची कारणे अर्थातच अधिक खोल आहेत. तरीही एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे : महाविद्यालयाने त्याच्या उत्साहाला जे जे दिले ते सारे पाठ्येतर होते. त्याच्या शिक्षणाविषयी त्याला कोणी काही विचारले नाही. साठ वर्षांनंतरही त्या परिस्थितीत फारसा फरक पडला आहे, असे म्हणवत नाही.

समारोप

वरील चिकित्सेतून काही निष्कर्ष हाती येतात. पहिला, विद्यार्थी परिषदेच्या प्रयोजनात ‘कल्याण’ या शब्दाशेजारी ‘शिक्षण’ हा शब्द स्पष्टपणे यावयास हवा. तो येईपर्यंत निवडणूक खुली असो वा बंद, उमेदवारीला आशय लाभणार नाही. दुसरा, परिषदेत किमान एक पद कामाच्या नावाने असावे आणि त्या पदासाठी उभ्या राहणाऱ्याने लेखी जाहीरनामा देणे व वर्षअखेर त्याचा हिशेब मांडणे बंधनकारक असावे. तिसरा, विषय राहणे व उपस्थिती कमी असणे या कारणांवरून येणारी सरसकट अपात्रता पुन्हा तपासावी. व्यावसायिक पुढाऱ्यांना रोखण्यासाठी कालमर्यादा पुरेशी आहे. चौथा, यांतील बऱ्याच गोष्टींसाठी कायद्यातील दुरुस्तीची वाट पाहण्याचेही कारण नाही. वेळापत्रक ठरविताना वर्गाने निवडलेल्या दोन विद्यार्थ्यांना बोलावून विचारणे, हे कोणत्याही प्राचार्यांना उद्यापासून करता येण्यासारखे आहे.

कल्याण आणि शिक्षण यांच्यातील रेषा कागदावर सहज ओढता येते. चार वाजताच्या एस.टी.साठी प्रयोगशाळेतून निघणाऱ्या मुलीच्या दिवसात ती रेषा कोठेच नसते. तिला एस.टी. हवी असते ती शिकण्यासाठी, आणि शिकावयाचे असते ते घरी सुखरूप परतता येईल अशा वेळी. तिच्या कागदावरील तिन्ही मागण्या एकाच हाताने लिहिलेल्या होत्या. त्यांतील एक परिषदेची आणि दुसरी परिषदेची नव्हे, असा निवाडा आम्ही केला. तो नियमाला धरून असेलही. पण तो बरोबर नव्हता.